बेटावरची विझलेली आग

"शुक्रवारी फाशी देणार आहेत त्याला," पेशन्स टॉलमन म्हणाली आणि खुर्चीवर न बसताच रडू लागली.

जेडेदाया क्रोनं तिला रडू दिलं. हरवलेला माल आणि पळालेली माणसं शोधून देणं हा त्याचा धंदा. लोकांची समजूत काढायचं काम त्याचा मित्र डॉक्टर लेमन करायचा.

प्रकरण आमच्या सगळ्या बंदराला पाठ होतं. आयर्लंडहून आमच्या वसाहतीकडे निघालेलं 'मार्गेरी' गलबत खडकावर फुटलं. वाचलेले उतारू एका उजाड बेटावर अडकले. कुणाला तरी दिसेल म्हणून त्यांनी किनाऱ्यावर आग पेटती ठेवली होती. एका रात्री एक जहाज बेटाला खेटून गेलं. उजेड दिसला असता तर होडी पाठवली असती, असं त्याच्या कप्तानानं नंतर शपथेवर सांगितलं. पण उजेडच नव्हता. पुढे सुटका होईपर्यंत निम्मी माणसं थंडीनं गेली.

त्या रात्री पहारा होता गलबताचा दुय्यम अधिकारी, पेशन्सचा नवरा एनॉस टॉलमन याचा. वाहून आलेल्या पेट्या लाटायला वेळ मिळावा म्हणून त्यानंच आग विझवली, असा आरोप होता. आमच्या लोकांना फाशी बघायची हौस भारी, पुराव्याची तेवढी नाही.

"मला झोप लागली," कोठडीत टॉलमन म्हणाला. "पण मी विझवली नाही, साहेब."

"गलबतावर चूल कशी विझवता?" क्रोनं विचारलं.

"रोज संध्याकाळी बादलीभर पाणी ओततो. एक निखारा राहिला तरी सगळे संपलो."

बाहेर येताच डॉक्टर म्हणाला, "झालं! स्वतःच्या तोंडानं कबूल केलं गड्यानं."

"काहीतरी कबूल केलं खरं," क्रो म्हणाला.

वाचलेल्यांपैकी आर्चीबाल्ड किनिअर हा म्हातारा विणकर धक्क्याजवळच्या खाणावळीत उतरला होता.

"पहाटे उठलो तर ज्वाळा नाही. नुसता राखेचा ढीग, बाजूला एक फळकूट."

"मग पुन्हा पेटवलीत कशानं? चकमक होती?"

"पहिली आग पेटवून आमचा कप्तान फुटक्या गलबतावर परत गेला, तो चकमकीसकट बुडाला. राख सारली, फुंकर मारली, पेटली." म्हातारा थांबला. "आमच्या घरची चूल आजोबांपासून विझली नव्हती, साहेब. निघताना बायकोनं तिच्यातले निखारे शेजारणीला दिले. पोटची पोर दिल्यासारखी रडली."

"कुठं असतात त्या?" डॉक्टरनं विचारलं.

"समुद्रात."

डॉक्टरनं ओशाळून टोपी काढली.

आतल्या खोलीत ग्रिझेल मॅकॅफी होती. न्यायालयात टॉलमनच्या नावानं सर्वांत जास्त टाहो हिनंच फोडला होता.

"त्याच्या पायाखालची शिडी मी ओढणार," ती म्हणाली. "माझी जेनी तापानं फणफणली होती. म्हणून आम्हा मायलेकींना आगीला अगदी लागून जागा दिली होती. जहाज गेलं आणि दोन दिवसांत पोर गेली. थंडी वाजतेय, थंडी वाजतेय करत गेली हो!"

बाहेर अंधारून येत होतं. ती क्रोकडे बघत बोलत होती, आणि हातातल्या फावड्यानं शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख ओढत होती.

"अहो बाई, आम्ही बसलोय अजून!" डॉक्टर कुरकुरला. "गारठून मारता का?"

तिनं फावड्याकडे पाहिलं आणि गोंधळून ते खाली ठेवलं.

गुरुवारी क्रो न्यायाधीशांकडे गेला. दार लावून बोलू, म्हणाला. पण न्यायाधीशांना गर्दी आवडायची. सगळ्यांसमोरच बोला, म्हणाले, आणि टॉलमनलाही न्यायालयात आणवलं.

"आग विझलीच नव्हती," क्रो म्हणाला. "टॉलमन खलाशी आहे. त्यानं पाणी ओतलं असतं. मग चिखल झाला असता, आणि चकमक नसताना ती आग पुन्हा पेटली नसती. पण किनिअरनं नुसत्या फुंकरीनं पेटवली. म्हणजे कुणीतरी निखारे जपून राखेनं झाकले होते."

"लपवायला?"

"टिकवायला. या उतारूंच्या गावात चूल पिढ्यान्‌पिढ्या विझू देत नाहीत. रात्री राख ओढायची, सकाळी उकरायची. घरची बाई झोपायच्या आधी हे करतेच. अर्धवट झोपेत, दमलेल्या हातांनी फळकुटानं राख ओढली असेल. करणारीला ते आठवतही नसेल."

"करणारी कोण?"

"ते मी सांगणार नाही. टॉलमन सुटला, माझं काम झालं."

न्यायाधीशांनी बेड्या काढायला सांगितल्या. पेशन्स नवऱ्याच्या गळ्यात पडली. डॉक्टरला आत्ता कुठे खाणावळीतलं ते फावडं आठवलं.

ग्रिझेल उभी राहिली होती.

"आगीला लागून मीच होते," ती हळूच म्हणाली. "साहेब, मीच ना?"

क्रोनं तिला बसायला खुर्ची ओढून दिली.

टॉलमन बायकोला बाजूला करून तिच्यापुढे आला. "बाई, मी झोपलो होतो. जागा असतो तर तुमचा हात धरला असता."

ग्रिझेलनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला शिव्या देण्याचंही बळ आता तिच्यात उरलं नव्हतं.

"मग धरायचा होतास ना रे," ती म्हणाली.