चाळीस पिशव्या

खट्ट! बाहेरून कडी लागली, वर कुलूपही बसलं. पत्र्याच्या गोदामात तिघं अडकली: एस्तेर, तिचा धाकटा भाऊ कृपादान आणि मैत्रीण धनश्री. नाताळच्या सुट्टीत शहाणी मुलं करंज्या खातात. या तिघांना हेरगिरी सुचली होती!

कारणही तसंच होतं. मिरजगावजवळच्या या शेतात एक परदेशी संस्था कमी पाण्यावर तगणारी ज्वारी तपासत होती, सुदानची जात आणि आपली मालदांडी यांचा संकर. दुसरे पराग मिसळू नयेत म्हणून कणसांवर नंबर घातलेल्या कागदी पिशव्या टाचल्या होत्या. त्यातली चाळीस कणसं कुणीतरी कापून नेली. देखरेख करणाऱ्या भागवतने सरळ राखणदार चांगुणाचं नाव घेतलं. चांगुणा म्हणजे धनश्रीची आई. हे काम गेलं की तिला ऊसतोडीला जावं लागणार आणि धनश्रीची शाळा सुटणार.

एस्तेरला मात्र गोदामामागे हुरडा भाजल्याची ताजी राख दिसली. भागवत दार उघडं टाकून पाहणीला येणाऱ्या मॅडमसाठी खुर्च्या आणायला गेला, तेवढ्यात तिघं आत घुसली. त्याने परत येऊन आत न डोकावताच कुलूप ठोकलं.

आत गुदमरत होतं. कृपादानने चाचपडत एक पोतं उपसलं. वरती भाजून चोळलेली कणसं, खाली नंबरच्या पिशव्या. तो ओरडणार, तोच एस्तेरने त्याचं तोंड दाबलं. आधी भागवत आला तर पोतंच गायब करेल.

बाहेर गाडी थांबली. संस्थेच्या शास्त्रज्ञ डॉक्टर आराधना आल्या होत्या. भागवतचा आवाज पत्र्यातून स्पष्ट ऐकू आला.

"चांगुणानंच नेली, मॅडम. लई सांगून पाहिलं तिला."

"मग उद्यापासून दुसरी बाई बघा."

धनश्रीने पोत्यात हात घातला. तिने एक पिशवी दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवली. भागवतने चटकन पिशवीवर पाय ठेवलेला फटीतून दिसला.

"एक झाकली त्यानं," ती कुजबुजली. "चाळीस कशा झाकंल?"

तिघं भराभर पिशव्या सरकवू लागली. भागवत दारापुढे नाचू लागला, पण त्याला पाय दोनच होते!

मॅडमनी वाकून एक पिशवी उचलली, नंबर वाचला आणि विचारलं, "गोदामाची किल्ली कुणाकडे असते?"

किल्ली भागवतच्याच कमरेला होती. दार उघडलं, पोतं बाहेर आलं. तो पुटपुटला, "पाव्हणे आल्ते, मॅडम. हुरड्याचे दिवस हायेत..."

"तीन वर्षांची मेहनत चटणीबरोबर खाल्लीत तुम्ही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तिघांना जवळ घेऊन शाबासकी दिली. मग चांगुणाला बोलावून सगळ्यांसमोर तिची माफी मागितली.

चांगुणाने पदराने तोंड पुसलं. "मग उद्या येऊ न्हवं राखणीला?"

"उद्या कशाला? ती बघा, पाखरं उतरलीत."

चांगुणा गोफण घेऊन धावली. तिची हाळी शिवारभर घुमली, आणि गोदामात एकदाही न रडलेली धनश्री तिथेच हमसून हमसून रडली.