रक्ताला कुणी शिकवलं?

फस्स्स! सांझारच्या बाटलीचं बूच उडालं आणि त्याच्या आईनं घुसळलेला, घोडीच्या दुधाचा कुमीस माझ्या काचेच्या सगळ्या बशांवर सांडला.

"रक्त द्यायला आलात की माझ्या पेशींच्या मुळावर उठायला?" मी ओरडलेच. अल्माटीतल्या आमच्या प्रयोगशाळेत मी रक्तातल्या पांढऱ्या पेशी यीस्टला कसं ओळखतात ते पाहत होते. आणि हा पठ्ठ्या यीस्टनं फसफसणारी बाटलीच घेऊन आत!

"पहिल्यांदाच येतोय, रिकाम्या हातानं कसं यायचं?" तो ओशाळला. मग बाही वर सारली. "घ्या. भरपाई."

दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली त्याचीच पांढरी पेशी आणि त्याच्याच आईच्या कुमीसमधलं यीस्ट. पेशी सरकली, चाचपडली... आणि गिळलंच.

"हिला कसं कळलं?" त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला होता. मी काही सरकले नाही.

"यीस्टच्या कवचात एक साखर असते, आपल्या अंगात तसली कुठेच नसते. पेशीच्या अंगावर तिला पकडणारे चिमटे असतात. चिमटा बसला की गिळायचं आणि बाकीच्यांना हाक मारायची."

"शिकवलं कुणी?"

"कुणीच नाही. जन्मजात."

"म्हणजे आपल्या लग्नांसारखी सात पिढ्यांची चौकशी नाही, काही नाही — पहिल्या स्पर्शातच?"

"गिळायचं असेल तर," मी म्हटलं. "तुम्ही जरा जपून."

तो हसला आणि मी गेलेच कामातून.

पानगळीत त्याची आई आमच्या घरी डूल घेऊन आली. आमच्या रीतीत सासूनं ते मुलीच्या कानात घातले की मुलगी त्यांची. सात पिढ्यांत आमचा एकही पूर्वज सामाईक निघाला नव्हता, म्हणजे वाट मोकळी होती.

"पण पोरी, ते बुरशीचं काम सोडायचं. सून घरात शोभते, चहा ओतताना."

माझ्या आईनं मला डोळ्यांनी दटावलं. सांझारवर माझा जीव होता... तरी त्याच्या आईला मानानं हाक मारत तोंडातून निघालंच, "आपा, काम सोडणार नाही. चालत नसेल तर डूल परत न्या."

सांझार उठला, किटली उचलली आणि चक्क सगळ्यांदेखत आईच्या वाटीत चहा ओतला. "हे मी करीन, आई. रोज."

त्यांनी आधी त्याच्याकडे रोखून पाहिलं, मग माझ्याकडे. अशा वेळी मुलीनं मान खाली घालायची असते. मी केस मागे सारले आणि त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले.

"भलतीच ताठ आहेस," म्हणत त्यांनी पहिला डूल माझ्या कानात खुपसला.

दुखलं. पण मान वाकवली नाही.