लाइन तुटते ती जागा

मध्ये बोलू नका. एकदाच सांगणार आहे.

हे दोघे भाऊ माझ्या चांगल्या ओळखीचे. घरोघरी पीओपीचं छत बसवायचे. थोरला आता नाही. ही गोष्ट धाकट्याची, आणि त्यानंच ती मला सांगितली. शुद्धीत असताना सांगितली.

मागच्या नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. रात्री पावणेदहाला धाकटा एका नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेला. काम साधं होतं. सकाळी चार कामगार छताचा सांगाडा ठोकायला येणार, त्याआधी हॉलच्या भिंतींवर लेव्हलची खूण करायची. त्यासाठी फिरती लेझर असते. तिपाईवर ठेवून चालू केली की तिचं डोकं गरगर फिरतं आणि चारही भिंतींवर छातीच्या उंचीला लाल लाइन उमटते. अंधारात ती ठळक दिसते, म्हणून रात्री जातोय, असं त्यानं बायकोला सांगितलं.

खरं कारण वेगळं होतं. त्याच हॉलमध्ये महिन्यापूर्वी दोघा भावांचं वाजलं होतं. थोरला जुना माणूस, पाण्याची नळी धरून लेव्हल काढणारा. खिडकीजवळच्या भिंतीशी नळीचं टोक धरून तो म्हणाला, "तुझं मशीन बोटभर चुकतंय. पडलं-बिडलं होतं का?"

पडलं होतं. आदल्याच दिवशी, जिन्यात, धाकट्याच्या हातून. पडलं की तपासायचं असतं. भिंतीवर खूण करायची, मशीन अर्धं फिरवायचं, लाइन पुन्हा त्याच खुणेवर आली तर ठीक. एवढंही त्यानं केलं नव्हतं. उलट चौघा कामगारांसमोर म्हणाला, "मशीन नाही चुकत, दादा. तुझे डोळे गेलेत. घरी बस आता, नातवंडं सांभाळ."

चौघं हसले. थोरल्यानं नळीतलं पाणी ओतून दिलं, नळी गुंडाळली आणि निघून गेला. घरी जाऊन आडवा झाला तो उठलाच नाही. अठरा दिवस काढले. धाकटा भेटायला गेला नाही. खांदा द्यायला गेला.

तर त्या रात्री त्यानं मशीन हॉलच्या मधोमध लावलं. दिवा बंद केला. लाइन उमटली. दाराकडच्या भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली आणि मागे वळला.

खिडकीजवळ लाइन तुटली होती.

हातभर जागा. मध्ये माणूस उभा राहिला की तुटते, तशी.

मध्ये कुणी नव्हतं.

काचेवर धूळ असेल, म्हणून त्यानं मशीनची काच पुसली. लाइन तुटलेलीच. दोष मशीनमध्ये असेल तर मशीन फिरवल्यावर ती जागाही फिरेल, असा विचार करून त्यानं मशीन तिपाईवर अर्धं फिरवलं.

ती जागा हलली नाही.

खूण मात्र... लाइन खुणेवर नव्हती. बोटभर खाली होती.

महिनाभर टाळलेली तपासणी त्याच्याच हातून झाली होती.

"दादा..."

तुटलेली जागा रुंद व्हायला लागली. माणूस मशीनच्या जवळ येतो तसा जास्त उजेड अडवतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. दोन हात. चार हात. सगळी भिंत काळी.

"दादा, तुझं बरोबर होतं. माझ्या हातून पडलं होतं."

मशीन फिरल्याचा तेवढा आवाज.

"सकाळी सांगतो. त्या चौघांना सांगतो. तुझी शपथ."

...

लाइन दोन्ही बाजूंनी हळूहळू भरत आली. खिडकीजवळ पुन्हा हातभर जागा उरली. तिथे थांबली.

धाकटा मशीन तसंच टाकून जिना उतरला.

सकाळी भाड्याचं मशीन आणून त्यानं नवी लाइन मारली. चौघं आले. एकानं जुनी खूण बघितली, नवी बघितली.

"म्हणजे मोठे मिस्त्री म्हणत होते तेच ना?"

धाकट्यानं खिडकीकडे बघितलं नाही. "तेव्हा उन्हात लाइन नीट दिसली नाही."

"मग डोळे नक्की कुणाचे गेले होते म्हणायचे?"

"तोंड कमी चालव. काम कर."

झालं. एवढंच बोलायचं होतं, तेही बोलला नाही. मेलेल्या भावापुढे चूक कबूल केली, पण चार माणसांत मान खाली घालणं काही जमलं नाही.

छत सरळ बसलं. पुढे रंगाचं काम माझ्याकडे आलं. सगळा हॉल वाळला. खिडकीजवळ हातभर रुंद, जमिनीपासून पुरुषभर उंच, एवढी भिंत वाळेना. खरवडली. पुट्टी भरली. पुन्हा रंग लावला. तीन वेळा. ओल म्हणाल तर आजूबाजूची भिंत ठणठणीत. शेवटी धाकट्याला धरून विचारलं, तेव्हा त्यानं हे सगळं सांगितलं. मला एकट्याला. चौघांना आजही सांगितलेलं नाही.

मालकानं तिथे कपाट उभं केलं. मी चाळीस वर्षं रंग लावतोय, ओला रंग मला शिकवायला नको. परवा मुद्दाम गेलो. कपाट सरकवलं, बोट टेकवलं.

रंग बोटाला आला.