मधली शांतता

पहिल्या रांगेत एक माणूस चक्क झोपला होता.

मागे कुठेतरी झोपला असता तर धाकटीने त्याला माफ केलं असतं. मागच्या रांगा त्यासाठीच असतात, हे कुठल्याही पियानो वाजवणाऱ्याला ठाऊक असतं. पण हा अगदी समोर, तिच्या उजव्या खांद्याच्या रेषेत, मान कलती टाकून, दोन्ही हात पोटावर ठेवून लेकरासारखा निवांत झोपला होता. आणि सभागृहात माणसं तरी होती कोण? तिची आत्या, आत्याच्या मैत्रिणी आणि संगीत मंडळाचे नेहमीचे आजी-आजोबा. इतक्या दिवसांनी एक नवा चेहरा दिसला, तर त्याचेही डोळे मिटलेले!

तिला घरात सगळे धाकटी म्हणत. थोरली लग्न होऊन दूर गेली, तरी ही धाकटीच राहिली. वेड एकच होतं तिला. फ्रान्समधल्या अलीकडच्या काळातल्या ज्या संगीतकारांना कुणी विचारलं नाही, ज्यांचे कागद माळ्यावर धूळ खात पडले, त्यांच्या रचना शोधायच्या, बसवायच्या आणि लोकांना ऐकवायच्या. "मोठ्या नावांना वाजवणारे पुष्कळ आहेत. यांना कोण आहे?" असं ती म्हणायची. त्यातल्या एक बाई तर तिचा जीव की प्राण. बाईंनी जन्मभर मुलींना पियानो शिकवून पोट भरलं, सवड मिळेल तेव्हा स्वतःसाठी लिहिलं, आणि आपली एकही रचना सभागृहात कधी ऐकली नाही. आत्या त्यांना 'तुझ्या त्या फ्रेंच सासूबाई' म्हणायची.

आज बाईंचीच रचना चालली होती. तिच्या मध्यावर बाईंनी एक शांतता लिहिली आहे. सूर चढत चढत जातात, दाराशी येऊन थबकावं तसे थबकतात... आणि मग काही नाही. वाजवणाऱ्याने हात अधांतरी धरून थांबायचं. आणि नंतर अगदी हळू, दाराच्या पलीकडून आल्यासारखा, एकच सूर. त्या एका सुरासाठी धाकटीने कितीतरी महिने घातले होते.

तिने हात वर धरले. शांतता सुरू झाली...

आणि टाळ्या पडल्या! आजी-आजोबांना वाटलं, संपलं. आत्याच्या मैत्रिणी पर्स सावरत कॉफीच्या दिशेने निघाल्यासुद्धा. टाळ्यांनी तो झोपलेला माणूस दचकून जागा झाला, ताडकन उभा राहिला आणि सगळ्यांहून जोरात टाळ्या वाजवू लागला. बाईंचा तो सूर खुर्च्यांच्या करकरीत कुठल्या कुठे गेला.

कार्यक्रमानंतर बाहेरच्या दालनात धाकटी दात-ओठ खात उभी होती, तेवढ्यात तोच समोर आला.

"तुम्ही छान वाजवता."

"तुम्ही छान झोपता."

तो लाजला. लाजताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, हे तिने नको असताना टिपलं.

"नवं क्लिनिक थाटलंय... बरेच दिवस झोपच नाही. माफ करा."

"मग घरी झोपायचं. तिकीट कशाला काढलंत?"

"बाहेर पाटी वाचली. एकही नाव ओळखीचं नव्हतं. म्हटलं, मलाही या भागात कुणी ओळखत नाही... जमेल आमचं."

हसू आवरायला धाकटीला ओठ चावावा लागला. "आणि टाळ्या? सगळ्यांत मोठ्या तुमच्याच होत्या."

"जागा झालो तर सगळे वाजवत होते. म्हटलं, आपण मागे पडायला नको."

"रचना संपली नव्हती."

"अरे देवा!" त्याचा चेहरा खरोखरच उतरला. "म्हणजे मी मध्येच... मग पुढे काय होतं?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. आत्यानेही नाही.

"एक सूर होता," ती म्हणाली.

"फक्त एक?"

"फक्त एक. पण तो—"

तेवढ्यात मंडळाच्या चिटणीसांनी हाक मारली आणि ते वाक्य तसंच राहिलं.

चिटणीस मनाने भले गृहस्थ. वाईट बातमी देताना ते आधी चष्मा पुसत. आत्ताही त्यांनी पुसला. "हे बघ मुली, पुढचा कार्यक्रम शेवटचा समज. निम्मं सभागृह भरलं तर तुझी ही फ्रेंच मंडळी राहतील. नाहीतर पुढच्या वर्षीपासून लोकांच्या ओळखीचं वाजव. आणि ती मधली शांतता काढून टाक बाई. सलग वाजव. कुणाला कळणार आहे?"

"बाईंना कळेल."

"त्या तिकीट काढणार आहेत का?" चिटणीस म्हणाले.

संकटं एकटी येत नाहीत. त्याच आठवड्यात धाकटीची दाढ ठणकायला लागली. ती अंगावर काढणार होती, पण आत्याने हाताला धरून कोपऱ्यावरच्या नव्या क्लिनिकमध्ये नेलं. आतल्या खुर्चीत ती रेलली, आणि मास्कच्या वर दोन ओळखीचे डोळे दिसले. लाल कानसुद्धा.

"तुम्ही!" दोघं एकदमच म्हणाले.

"उघडा तोंड," डॉक्टर म्हणाला. "आणखी मोठं... छान. आता तुम्हाला बोलता येणार नाही, म्हणजे मला भीती नाही. त्या दिवसापासून तो सूर डोक्यात आहे हो माझ्या. न ऐकलेला."

"आं."

"हो, चूक माझीच. आता ऐका. माझ्या बाहेरच्या खोलीत माणसं बसतात. आतल्या ड्रिलच्या आवाजाने अर्धी पांढरीफटक पडतात. एक गृहस्थ तर परवा पळूनच गेले. तिथे तुमचं रेकॉर्डिंग लावलं तर?"

"आं-आं!"

"हे हो होतं, की नाही?"

तिने त्याचा हात बाजूला सारला. "दाढा उपटताना बाईंना वाजवणार तुम्ही? पंख्याच्या घरघरीसारखं?"

"तसं नाही." तो पहिल्यांदाच न हसता बोलला. "आपला नंबर येण्याची वाट बघणारा माणूस कानात प्राण आणून ऐकत असतो. तसे ऐकणारे आहेत का तुमच्या सभागृहात?"

धाकटीने खुर्चीत मान मागे टेकली. आपलेच दात, आपलेच ओठ — आत्याच्या मैत्रिणींची तक्रार कुणाकडे करणार? शेवटी "देईन" म्हणाली, पण तोवर भूल चढून अर्धा ओठ बधिर झालेला. शब्द इतका वाकडा बाहेर पडला की दारातून आत्या फिस्सकन हसली.

पुढच्या खेपेला ती मुद्दाम लवकर गेली आणि बाहेरच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर अनोळख्यासारखी बसली. तिचाच पियानो वाजत होता; बाईंच्या आधीची, दुसऱ्या एका फ्रेंच संगीतकाराची आदळआपट करणारी रचना. शेजारी गाल टम्म सुजलेल्या एक मावशी होत्या, पलीकडे खाकी गणवेशातला बसचा ड्रायव्हर.

"हा चिडका संपला ना, की ती येते," मावशींनी आपण होऊन तिला सांगितलं.

"ती कोण?"

"ऐक तर. चढत चढत येते आणि मध्येच गप्प बसते. पहिल्यांदा मला वाटलं, यंत्र बिघडलं. सांगायला उठले, तर मागून हळूच... परत आली की गं! आता मी नाही उठत. थांबते."

"मी तर ती परत आल्याशिवाय नंबर लागला तरी आत जात नाही," ड्रायव्हर म्हणाला. "काल दोघांना पुढे सोडलं."

धाकटीचे डोळे भरून आले. बाईंना त्यांच्या हयातीत जे मिळालं नाही, ते इथे, या औषधी वासाच्या खोलीत, सुजल्या गालांकडून मिळत होतं.

"फार दुखतेय का गं दाढ?" मावशींनी मायेने विचारलं.

डॉक्टर दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं असावं, कारण आत गेल्यावर तो उगाचच हत्यारं इकडची तिकडे मांडत राहिला.

"आणि तुम्हाला आवडतं का हे सगळं?" तिने विचारलं. "खरं सांगा हं."

"खरं? ते चिडके महाशय मला अजिबात आवडत नाहीत. माझं ड्रिल त्यांच्यापेक्षा सुरेल आहे."

धाकटी खळखळून हसली. आजवर तिला सगळे 'छान, छान' म्हणत आले होते. 'नाही आवडलं' म्हणणारा हा पहिलाच, आणि त्याचंच तिला एवढं बरं वाटावं, याची तिला गंमत वाटली.

"आणि बाई?"

त्याने हात धुवायला घेतले. ते बराच वेळ धुतले गेले.

"बाई लागल्या की मी ड्रिल बंद करतो," तो नळाकडे बघत म्हणाला. "पेशंटचं तोंड तसंच उघडं राहतं बिचाऱ्याचं."

प्रेमात पडायला माणसाला मोठं कारण लागतं, असं कुणी सांगितलं?

पण प्रेमात पडलेली माणसं शहाणपणाने वागतात, असंही कुणी सांगितलेलं नाही. कार्यक्रम तोंडावर आला, तिकिटं विकली जात आहेत की नाही ते कळेना, आणि एके दुपारी ती त्याला म्हणाली, "ती शांतता काढून टाकावी म्हणतेय मी."

तो उभाच राहिला. "का?"

"पुन्हा मध्येच टाळ्या पडल्या आणि लोक उठून गेले, तर सगळंच संपेल. बाईंची अर्धी रचना तरी जगू दे."

"नका काढू."

"तुम्हाला काय जातंय सांगायला? तुम्ही तर झोपला होतात!"

शब्द तोंडातून गेला आणि तिचं तिलाच लागलं. त्याचे कान लाल झाले नाहीत. चेहरा मात्र एकदम शांत झाला.

"म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला. "समोर बसून मी ती घालवली. त्याची हळहळ मला ठाऊक आहे, तुम्हाला नाही."

त्यानंतर ती तिकडे फिरकली नाही. रोज पियानोवर बसायची. एकदा शांतता ठेवून वाजवायची, एकदा काढून. काढून वाजवलं की रचना सपाट व्हायची. ठेवून वाजवलं की कानात त्या दिवशीच्या टाळ्या पडायच्या.

"काय गं," आत्याने विचारलं, "दाढ बरी झाली, तरी चेहरा सुजलेलाच?"

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पडद्याच्या फटीतून तिने बाहेर पाहिलं. सभागृह निम्म्याहून पुष्कळ जास्त भरलं होतं. मावशी आल्या होत्या, गाल आता बशीसारखा चपटा. ड्रायव्हर कुटुंबकबिल्यासह आला होता. जिभेने नवी दाढ चाचपणारे, हसताना तोंडावर हात धरणारे कितीतरी चेहरे होते. आणि पहिल्या रांगेत डॉक्टर बसला होता, पाठ ताठ, डोळे टक्क उघडे.

"काढलीस ना?" विंगेतून चिटणीसांनी विचारलं.

ती तशीच रंगमंचावर गेली. आधी चिडके महाशय वाजवले, आणि डॉक्टरने दाढ दुखल्यासारखं केलेलं तोंड पाहून तिची भीती जरा पळाली. मग बाई. सूर चढत चढत गेले, दाराशी आले. काढायची असेल तर आत्ताच... बोटं पुढे सरकायला तयार होती.

तिने हात उचलले आणि अधांतरी धरले.

चौथ्या रांगेतल्या आजोबांचे तळवे वर आले. मावशी गर्रकन वळल्या आणि ओठावर बोट ठेवून त्यांनी असं काही बघितलं की ते तळवे जिथल्या तिथे राहिले. टाळी नाही. खोकला नाही. एवढी माणसं एका न वाजलेल्या सुरासाठी थांबली होती. धाकटीचा जीव भांड्यात पडला.

तिने हळूच उजवीकडे पाहिलं. डॉक्टर तिच्या हातांकडे बघतच नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, श्वास रोखून, त्याच्याच एखाद्या पेशंटसारखं तोंड किंचित उघडं ठेवून...

विंगेत चिटणीसांनी घाबरून चष्मा पुसायला घेतला, तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांच्या कडेला हालचाल दिसली आणि ती भानावर आली. तिने तो एक सूर वाजवला. अंधारात कुणीतरी "हं..." केलं, आणि ते सगळ्या सभागृहाच्या वतीने होतं.

टाळ्या अगदी शेवटी पडल्या आणि थांबता थांबेनात. चिटणीस विंगेतच तिचे हात धरून म्हणाले, "काय ती शांतता, मुली! तुझ्या बाईंपुढे हात जोडले. पुढच्या वर्षीच्या तारखा सांगून ठेव." आणि डोळे पुसायला लागले. या खेपेला चष्मा नव्हे, डोळेच.

गर्दी ओसरल्यावर डॉक्टर आला. रंगमंचावर पियानोचं झाकण अजून उघडंच होतं.

"मी तुम्हाला लागेल असं बोलले," ती म्हणाली.

"खरं तेच बोललात." तो जरा घुटमळला. "एक विचारू? रेकॉर्डिंग मी रोज ऐकतो. ती शांतता मला पाठ आहे. आज ती फार लांब होती."

"हो."

"मुद्दाम?"

"नाही... चुकले मी."

"सूर विसरलात? तो सूर?"

"सूर कसा विसरेन?" धाकटीने पियानोच्या कडेवर बोट फिरवलं. मग फिरवायचं थांबवलं आणि सरळ त्याच्याकडे बघितलं. "तुमच्याकडे बघत राहिले. बाईंनी लिहिलं होतं तेवढं संपून गेलं, तरी बघतच राहिले. पुढची शांतता त्यांची नव्हती. माझी होती."

डॉक्टरची दातखिळीच बसली. कान मात्र असे लाल झाले की लपवायला जागा नाही.

"बोला की. माझं तोंड उघडं असलं की भरभरून बोलता."

"मी..." तो म्हणाला. "पुढच्या कार्यक्रमाला मागच्या रांगेत बसू का मी? नाहीतर अशाने रचना फारच लांबायची."

धाकटीने त्याचा हात हातात घेतला. सतत धुतलेला, गार हात.

"लांबू दे," ती म्हणाली. "लोक थांबतात आता."