मिटल्या डोळ्यांचा चष्मा

"आणि तो आत्मा परत गेलाच नाही तर?" घंटीने विचारलं. "माझी मावशी सांगते, हे प्लँचेट म्हणजे फार वाईट. बोलवायला सोपं, घालवायला अवघड."

"तुझ्यासारखं," दाराशी पहाऱ्याला बसलेला भिंगरीचा भाऊ ढब्बू म्हणाला.

"आत्मा काय आत्मा. माझे बाबा आहेत ते," भिंगरी म्हणाली. "फडकं दे इकडे."

घंटीने फडकं दिलं. ती समोरच्या सायकलवाल्यांची मुलगी. एकदा वाजायला लागली की थांबत नसे, म्हणून घंटी. सुट्टी लागल्यापासून ती चष्म्याच्या दुकानामागच्या या चिंचोळ्या खोलीतच पडीक असायची. इथे काचा घासायचं चाक होतं, चौकटींचे खोके होते आणि शेगडीवर वाळूचं पातेलं. त्या गरम वाळूत भिंगरीने एक काळा चष्मा खुपसून ठेवला होता.

चष्मा काकाचा होता.

"काका अंघोळीला गेलाय," ढब्बूने बातमी दिली. "गाणं चालू झालंय. म्हणजे अजून दहा मिनिटं."

बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. बाबा इथे काचा घासायचे, आई पुढे लोकांचे डोळे तपासायची. आता चाकावर काका बसायचा, बाबांचा धाकटा भाऊ. याच काकाने भिंगरीला सायकल शिकवली होती. बाबा दवाखान्यात होते तेव्हा अकरा रात्री बाहेरच्या बाकड्यावर तोच झोपला होता. जगात कोणावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा असं विचारलं असतं, तर भिंगरीने क्षणाचाही विचार न करता काकाचं नाव घेतलं असतं.

प्लँचेटची कल्पनाही काकाचीच. रोज दुपारी दुकान बंद झालं की सगळे डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत जमायचे. काळे पडदे ओढायचे, एक मेणबत्ती लावायची. आईने पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर एकेक अक्षर लिहिलं होतं. रोज ती चिठ्ठ्या पिसायची आणि टेबलाच्या काचेवर नव्या क्रमाने गोल मांडायची. मधोमध बाबांचं गोल भिंग. त्याच्या कडेवर काका, भिंगरी आणि ढब्बू एकेक बोट टेकवायचे आणि डोळे मिटायचे. आई तेवढी उघड्या डोळ्यांनी, भिंगावरची नजर न हलवता अक्षरं टिपायची. काना-मात्रा ती आपल्या मनाने भरायची.

आणि भिंग खरंच सरकायचं! डोळे मिटलेले, अक्षरांच्या जागा रोज वेगळ्या, तरी शब्द जुळायचे. *दुकान बंद कर. मुलांना घेऊन माहेरी जा.* चार दुपारी तेच आलं. आईने मग एकही प्रश्न केला नाही. शनिवारी सुतार येऊन दुकानाची पाटी उतरवणार होता.

तिसऱ्या दुपारी भिंगरीने विचारलं होतं, "बाबा, शेवटच्या दिवशी मी हाक मारली. तुम्ही डोळे उघडले नाहीत. पण ऐकलीत का?"

भिंग ऐ-वर गेलं, मग क-वर, मग ल-वर. *ऐकलं.*

त्या रात्री भिंगरी सहा महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपली.

आणि काल तिला शिंक आली. शिंकेसरशी डोळे किलकिले झाले आणि समोर दिसला काकाचा चेहरा. त्याच्या चष्म्याच्या काचांत मेणबत्तीच्या दोन ज्योती हलत होत्या. काचांमागचे डोळे उघडे की मिटलेले, काही कळत नव्हतं.

पण चष्मा? काकाला वाचायला चष्मा लागायचा, हे घरात फक्त आईला आणि भिंगरीला ठाऊक होतं. म्हातारा दिसतो म्हणून तो कधी कुणासमोर लावायचा नाही. चष्म्याच्या दुकानात बसून गिऱ्हाइकाची चिठ्ठी हात लांब करकरून वाचायचा. मग डोळे मिटून बसताना त्याला नेमका वाचायचा चष्मा का लागावा?

"भिंगरे," घंटी एकदम हळू आवाजात म्हणाली, "काकाच सरकवत असेल, तर मग ते 'ऐकलं'..."

भिंगरीचा हात थांबला. हाच विचार रात्रभर तिच्या उशाशी बसून होता. चष्मा पुसून जागच्या जागी ठेवला, तर 'ऐकलं' तिचंच राहणार होतं. कुणाला काही कळलं नसतं.

"शनिवारी पाटी उतरणार आहे," ती म्हणाली. "वाळूतून काढ तो."

चौकट मऊ झाली होती. तिने अंगठ्याने दाबून दोन्ही काचा बाहेर काढल्या. खोक्यात तसल्याच चौकटीतला, कुणी न नेलेला एक चष्मा होता. नंबर उणे चार, म्हणजे लांबचं बघायचा. त्याच्या काचा तिने काकाच्या चौकटीत बसवल्या. दांडीवर काकाच्या दातांच्या खुणा होत्या. अख्खा चष्मा बदलला असता, तर त्याला लगेच कळलं असतं.

"आणि लावल्या लावल्या ओरडला तर?" ढब्बूने विचारलं.

"कसा ओरडेल? त्याचे डोळे मिटलेले असतात ना."

ढब्बूला हे कळायला दोन क्षण लागले. मग तो हसत सुटला आणि घंटीने त्याच्या तोंडावर हात दाबला.

दुपारी पडदे ओढले गेले. आज घंटीही पाहायला आली होती. तिला पडद्याच्या दोरीजवळ स्टूल मिळालं. सगळ्यांचे डोळे मिटल्यावर काकाने सवयीने चष्मा चढवला, आणि पापण्यांच्या फटीतून भिंगरीला तो एकदम ताठ झालेला दिसला.

"काय झालं, काका?" भिंगरीने विचारलं.

"कुठे काय? मिटलेलेच ठेवा डोळे."

भिंग हललं. थोडं डावीकडे गेलं, थबकलं, माघारी आलं. आई अक्षरं पुटपुटत होती. "ठ... झ... ण..."

"ठझण म्हणजे काय गं, आई?" ढब्बूने विचारलं.

"गप्प बस. बोलताहेत ते." आई वहीवर वाकली. "आज यांना झालंय तरी काय? रोज कसं सरळ सांगतात."

"बाबांचा चष्मा बदलला असेल," ढब्बू म्हणाला.

भिंग पुन्हा सरकायला लागलं. भिंगरीच्या बोटाला काकाच्या बोटाचा घाम लागला. तिने खोकल्याचा आवाज केला. ती ठरलेली खूण होती. घंटीने सगळा जोर लावून दोरी ओढली.

दुपारचं ऊन खोलीत घुसलं. काका हात लांब करून मागे रेलला होता. चष्मा कपाळावर, मान चिठ्ठ्यांपासून मागे ताणलेली, आणि डोळे टक्क उघडे.

आईने वही मिटली.

"भावोजी," ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून?"

काकाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला काचा घासायच्या नाहीत, वहिनी. कधीच नव्हत्या. बंदरावर काम मिळतंय. पण तुला एकटीला टाकून जातोय, हे तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही."

"म्हणून त्यांना बोलायला लावलंत?"



"आणि 'ऐकलं'?" भिंगरीने विचारलं. "तेही तूच?"

"तू रात्र रात्र जागी असायचीस, भिंगरे. मला बघवत नव्हतं..."

"विचारलं तेवढं सांग."

"हो. तेही मीच."

राग येईल असं तिला वाटलं होतं. राग आला नाही. अंधारात पायरी समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं झालं.

"म्हणजे भूतबीत नव्हतंच," घंटी कुजबुजली. "मग धोका नव्हता, हो ना काकू?"

"भूत असतं तर बरं होतं, बाई," आई चिठ्ठ्या गोळा करत म्हणाली. "त्याला मी दहा प्रश्न विचारले असते. यांचं नाव आलं आणि मी एकही विचारला नाही. चाललेच होते घर उचलून."

मग तिने काकाचा चष्मा उचलून उजेडात धरला, काचेच्या कडेवरून बोट फिरवलं. "कुठे कपचा उडालेला नाही. वाळू किती तापवलीस?"

"बोटाला सोसेल इतकी."

"कोणी शिकवलं?"

"बाबांनी."

"छान शिकवलंय," आई म्हणाली. "आणि तू छान शिकलीस."

"बसवल्यात मात्र झकास," काका हळूच म्हणाला. भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

काका बाहेर गेल्यावर आईने तिला जवळ ओढलं. "त्यांनी तुझी हाक ऐकली की नाही, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसणार. पण मी दाराशी उभी होते, भिंगरे. मी ऐकली."

भिंगरी तेव्हा रडली. भरपूर रडली.

शनिवारी सुतार आला. आईने त्याच्याकडून पाटीचे ढिले स्क्रू आवळून घेतले. काकाची पेटी दारात होती. भिंगरी आतून आली आणि तिने त्याच्या हातावर काळा चष्मा ठेवला. जुन्या काचा परत बसवलेला.

"लावून बघ," ती म्हणाली.

काकाने आजूबाजूला पाहिलं. सुतार होता, घंटी होती, रस्त्यावर माणसं होती. त्याने चष्मा लावला.

"दिसतंय?"

"दिसतंय," काका म्हणाला.

"मग आता उघड्या डोळ्यांनी पत्र लिही," भिंगरी म्हणाली आणि चाकापाशी जाऊन बसली.