दादाचं घड्याळ

"चोराने माझं घड्याळ नेलं आणि जागेवर दुसरं ठेवलं," गोपाळकृष्ण परचुऱ्यांनी फोनवर सांगितलं.

उपनिरीक्षक तनुजा शितोळे कोथरूडला पोचली तेव्हा पंचाहत्तरीचे परचुरे उघड्या कपाटासमोर बसले होते. कपाटात लष्कराने सैनिकांना दिलेली वीस जुनी मनगटी घड्याळं होती. त्यातलं एक त्यांच्या थोरल्या भावाचं. एकाहत्तरच्या लढाईत दादा गेला आणि घरी आलं ते एवढंच. मागच्या झाकणावर त्याने संगिनीच्या टोकाने स्वतःचं नाव कोरलं होतं.

आता तिथलं घड्याळ चकचकीत होतं आणि झाकण कोरं. कापडी पट्टा तेवढा जुनाच होता.

परचुऱ्यांचा संशय सलिल गद्र्यांवर होता. तेही अशी घड्याळं जमवायचे, दादाचं घड्याळ त्यांनी दोनदा मागितलं होतं आणि रविवारीच घरी येऊन गेले होते. तीस वर्षांची मैत्री परचुऱ्यांनी सकाळी एका फोनवर संपवली होती.

मुलगा राजस तक्रार नकोच म्हणत होता.

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" तनुजाने त्याला विचारलं.

"बाबांकडे. आणि एक माझ्याकडे."

"जुनं घड्याळ कुठे गेलं असेल?"

"जाऊ द्या ना मॅडम. हे छान चालतंय की."

पुण्यात हरवलेल्या छत्रीचीसुद्धा लोक याहून जास्त चौकशी करतात.

परचुऱ्यांची सगळी घड्याळं नारायण पेठेतले बाबुराव दुरुस्त करायचे. तनुजाने ते घड्याळ त्यांच्यापुढे ठेवलं.

"कुणा शहाण्याने घासलं हे?" म्हणत त्यांनी झाकण उघडलं. जुने घड्याळजी दुरुस्तीची तारीख झाकणाच्या आतून सुईने कोरून ठेवतात. तिथे दोन तारखा होत्या. अक्षर बाबुरावांचंच होतं.

संध्याकाळी तनुजाने बापलेकांना समोर बसवलं. गद्र्यांनाही बोलावलं होतं, पण ते आले नाहीत.

"चोरी झालीच नाही," ती म्हणाली. "दुसरं घड्याळ ठेवणारा चोर बाबुरावांच्या तारखा कुठून आणणार? हे दादांचंच आहे, कुणीतरी पॉलिश करून आणलंय. किल्ल्या दोघांकडे. त्यातल्या एकाला जुनं घड्याळ कुठे गेलं असा प्रश्नच पडला नाही. ते कुठे आहे हे त्याला माहीत होतं. हो ना, राजस?"

राजसने मान खाली घातली. पंचाहत्तरीची भेट म्हणून त्याने ते एका दुकानात नव्यासारखं करायला दिलं होतं. झाकणावरचं नाव त्याला ओरखडे वाटले. बाबांनी आरडाओरडा केल्यावर त्याचा धीर सुटला आणि गद्र्यांचं नाव निघालं तरी तो गप्प बसला.

"बाबुराव ते नाव परत काढू शकतील?" परचुऱ्यांनी विचारलं.

तनुजाला फार वाईट वाटलं, पण खोटं बोलवेना. "नाही. तेवढा धातूच गेलाय."

तक्रार मागे घेण्याचा कागद तिने पुढे केला. परचुऱ्यांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"चोरी झाली असती तर बरं होतं हो," ते म्हणाले. "दादाचं अक्षर निदान कुठेतरी असलं असतं."