प्लग काढलेला ओव्हन

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या... पण जे झालं ते अगदी असंच झालं.

ज्यांच्या बाबतीत झालं ते जयवंत म्हणजे माझे सासरे. जन्मभर मुलुंडला रेडिओ दुरुस्त केले. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जायचे. हा एकच प्रसंग त्यांनी मला सांगितला, तोही मान खाली घालून.

साल एकोणीसशे सत्याहत्तर. श्रावणातला रविवार. विलेपार्ल्यात त्यांच्या धाकट्या बहिणीचं, प्रेमाचं सासर.

प्रेमाचा नवरा नंदकिशोर मालवाहू जहाजावर होता. अमेरिकेहून येताना त्याने बायकोसाठी मायक्रोवेव्ह ओव्हन आणला. ही मोठी लोखंडी पेटी! तिकडची वीज वेगळी, म्हणून सोबत एक जड ट्रान्सफॉर्मर. आग नाही, धूर नाही, आणि कपभर दूध उकळतंय... अख्खी बिल्डिंग बघायला लोटली होती.

पुढच्याच सफरीत नंदकिशोर वादळात जहाजावरून पडला.

प्रेत मिळालं नाही.

आणि मग प्रेमा सांगायला लागली, की रोज दिवेलागणीला ओव्हन आपोआप सुरू होतो...

आतून कोणीतरी काचेवर टकटक करतं.

दुसऱ्या कोणी ते पाहिलं नव्हतं. आधी प्रेमाच्या सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, तिची समजूत घातली. मग ओव्हनचा प्लग काढला. ट्रान्सफॉर्मर कपाटात ठेवून कुलूप लावलं. तरी प्रेमाचं बोलणं तेच. ती जेवेना, झोपेना. संध्याकाळ झाली की ओट्यापाशी जाऊन उभी.

शेवटी तात्यांनी जयवंतना बोलावून घेतलं.

"तुझी बहीण खुळावली रे. उद्या तिला ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात नेतोय. पोर आमच्याकडे राहील."

पोर म्हणजे सगुणा. अजून धड चालतही नव्हती. त्या वेळी ती शेजारच्या घरात झोपली होती.

"तात्या, मला एकदा ओव्हन बघू दे," जयवंत म्हणाले. "यंत्र आहे. काहीतरी बिघाड असणार."

"बघ. पण आजच्या आज बघ."

ते स्वयंपाकघरात शिरले तशी प्रेमाने त्यांचा हात घट्ट धरला. बोटं बर्फासारखी गार.

"दादा, बिघाड आहे असं सांग रे. कसलाही सांग. बिघाड निघाला तर मी शहाणी... नाहीतर माझी सगुणा गेली."

जयवंतनी स्क्रू काढले. मागचा पत्रा बाजूला ठेवला.

त्यांना एक आशा होती. या ओव्हनमध्ये एक कपॅसिटर असतो. प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहते, माणूस मरेल इतकी. तीच कुठेतरी झिरपत असेल, दिवा लागत असेल, पत्रा तडतडत असेल...

रबरी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने त्यांनी कपॅसिटरची दोन टोकं जोडली.

ठिणगी नाही.

मीटर लावला. कपॅसिटर आतून जळालेला. त्यात वीज साठणंच शक्य नाही.

फ्यूज पाहिला. उडालेला.

आता राहिला मॅग्नेट्रॉन, म्हणजे जो भाग अन्न तापवतो तो. मीटरचा काटा जागचा हलला नाही. आतली तार तुटलेली.

एकेक बिघाड सापडत होता, आणि प्रत्येक बिघाड एकच सांगत होता... हा ओव्हन सुरू होऊच शकत नाही.

म्हणजे प्रेमा...

"मिळालं काही?" दारातून तात्यांनी विचारलं.

जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस. पण बहीण समोर उभी होती.

"हो तात्या. टायमर अडकतोय. म्हणून मधेच सुरू होतो."

तात्या आत येऊन ओव्हनपाशी उभे राहिले.

"जयवंता, ट्रान्सफॉर्मर माझ्या कपाटात आहे. वायर ही इथे लोंबतेय. वीज येते कुठून?"

जयवंतनी उडालेला फ्यूज मुठीत लपवला.

"माझा मुलगा गेलाय रे," तात्यांचा आवाज फाटला. "मला काय हौस आहे सुनेला घालवायची? पण रोज दिवेलागणीला ही पोरीला ओव्हनपाशी नेऊन बसवते. म्हणते, बाबा बघ. उद्या काय करेल, सांग!"

प्रेमाने नळाखाली कप भरला, ओव्हनमध्ये ठेवला आणि दार लावलं.

"थांबा जरा. वेळ झालीच आहे."

बाहेर अंधारून येत होतं. शेजारी कोणीतरी देवापुढे घंटा वाजवली. ती थांबली...

आणि ओव्हनमध्ये दिवा लागला.

पंखा फिरायला लागला. घर्रर्र...

जयवंतनी खाली पाहिलं. प्लग त्यांच्या पायाशी पडलेला होता. उडालेला फ्यूज अजून त्यांच्या मुठीत होता.

टक... टक... टक...

काचेच्या आतून.

तात्यांनी भिंतीला हात टेकला. "नंद्या?"

टकटक थांबली. घंटी वाजली, टिंग. दिवा गेला.

तात्यांनीच पुढे होऊन ओव्हनचं दार उघडलं. कपातलं पाणी खदखदत होतं. त्यांनी त्यात बोट बुडवलं. चटका बसला असणार, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. बोट जिभेला लावलं.



"खारट आहे..."

त्याच संध्याकाळी ते जयवंतना म्हणाले, "ठाण्याला नको, हिला तुझ्या घरी घेऊन जा. पोरीलाही ने. पण या ओव्हनला हात लावू नको. हा इथेच राहू दे."

प्रेमाआत्या मुलुंडला आल्या त्या कायमच्या. सगुणाला त्यांनी तिथेच वाढवलं. तात्या एकटे राहिले. शेजारी सांगायचे, दिवेलागणीला म्हातारा ओट्यासमोर खुर्ची ओढून बसतो आणि तास न् तास बोलतो.

तात्या गेल्यावर घर उघडलं, तेव्हा ओव्हन ओट्यावर नव्हता. इतकं जड धूड त्या एकट्या म्हाताऱ्याने कुठे नेलं, कोणालाच माहीत नाही.

लग्नानंतर एकदा धीर करून मी आत्यांना विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटायची?"

त्या बराच वेळ हातातली भाजी निवडत राहिल्या.

"भीती कसली गं? हे घरी आले होते," त्या म्हणाल्या. "आणि मी घर सोडून निघून आले."